संयुक्त रिटर्न: वाटा अर्धा, जबाबदारी पूर्ण



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हे तर अकाउंटंटचे काम, तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडायचे? पण करकायदा हा मोठा प्रामाणिक ग्रंथ असतो. लग्न म्हणजे काय, कुटुंब म्हणजे काय, यावर आपण व्यासपीठावरून काहीही बोलू शकतो. कर लावताना मात्र सरकारला एकच उत्तर द्यावे लागते: नवरा-बायको म्हणजे दोन माणसे की एक? ते उत्तर अमेरिकेने गेल्या शंभर वर्षांत कसकसे बदलले, आणि परदेशातून आलेल्या, न कमावणाऱ्या जोडीदाराच्या वाट्याला त्यातून काय आले, हे आज बघायचे आहे.

डोळ्यांसमोर एक जोडपे ठेवू. तो पुण्याहून एच-वन-बी व्हिसावर गेलेला इंजिनियर. ती इथे नोकरी करत होती, आता एच-फोर व्हिसावर त्याच्यासोबत गेली. तिला कामाची परवानगी नाही. (उलटही असते, ती कमावते आणि तो घरी. कायद्याला दोन्ही सारखेच.) इमिग्रेशनच्या भाषेत ती ‘डिपेंडंट’, म्हणजे अवलंबून असलेली व्यक्ती. एप्रिलमध्ये रिटर्न भरायची वेळ येते, तेव्हा करखात्याच्या सूचना सांगतात की जोडीदार हा कधीही ‘डिपेंडंट’ धरला जात नाही. एकाच सरकारची दोन खाती एकाच बाईकडे बघून दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. असे का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

एकट्याचा कर

अमेरिकेचा आजचा आयकर १९१३ साली, सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर आला. एकट्या माणसाला ३,००० डॉलरपर्यंत माफी होती, आणि एकत्र राहणाऱ्या विवाहितांना वरती १,००० ची. मूळ दर एक टक्का. फार थोड्या श्रीमंतांना तो कर लागू होता, आणि कर लागायचा तो व्यक्तीवर. पहिल्या महायुद्धात वरचा दर ७७ टक्क्यांपर्यंत चढला, तेव्हा श्रीमंत नवऱ्यांना बायकोची आठवण झाली. जेवढे उत्पन्न जास्त तेवढा दर चढा, अशी रचना असली की शंभर रुपये एकाच्या नावावर ठेवण्यापेक्षा दोघांच्या नावावर पन्नास-पन्नास ठेवणे फायद्याचे. हे गणित आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनाही कोणी शिकवावे लागत नाही.

१९३० साली याच मुद्द्यावरचे दोन खटले अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, आणि निकाल परस्परांच्या विरुद्ध लागले. पहिला ‘लुकस विरुद्ध अर्ल’. कॅलिफोर्नियाच्या अर्ल नावाच्या वकिलाने १९०१ मध्ये, म्हणजे आयकर येण्याच्या कितीतरी आधी, बायकोशी करार केला होता की आपण जे मिळवू ते दोघांचे. न्यायमूर्ती होम्स यांनी करार खरा मानला, पण कराच्या बाबतीत तो चालणार नाही म्हणाले. त्यांनी झाड आणि फळ यांचा दाखला दिला: फळ ज्या झाडाला आले, कर त्याच झाडाचा. पगार ज्याने मिळवला, कर त्याच्यावर.

दुसरा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला, ‘पो विरुद्ध सीबॉर्न’. वॉशिंग्टन राज्यातल्या जोडप्याने नवऱ्याच्या कमाईचे दोन समान भाग करून दोन रिटर्न भरले होते. न्यायालयाने ते मान्य केले! कारण? वॉशिंग्टनच्या कायद्याप्रमाणे लग्नानंतरची कमाई मुळातच दोघांची. ती नवऱ्याची होऊन मग बायकोला दिलेली नाही. जन्मतःच अर्धी तिची.

आता हा कायदा आला कुठून? अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांनी इंग्लंडचा कायदा घेतला. त्यात लग्नानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनने ते ग्रंथात मांडून ठेवले आहे. दक्षिण आणि पश्चिमेकडच्या आठ राज्यांत मात्र स्पेन आणि फ्रान्सच्या परंपरेतून आलेली सामाईक मालमत्तेची पद्धत होती: कॅलिफोर्निया, टेक्सस, लुईझियाना, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, नेवाडा, आयडाहो, वॉशिंग्टन. तिथे लग्न ही भागीदारी. म्हणजे टेक्ससमधला डॉक्टर आणि न्यूयॉर्कमधला डॉक्टर, कमाई सारखी, दोघांच्या बायका घरीच, पण टेक्ससवाल्याला कर कमी.

१९४८ चा तोडगा

दुसऱ्या महायुद्धात आयकर मूठभरांचा राहिला नाही, सर्वसामान्य पगारदाराचा झाला, आणि वरचा दर ९४ टक्क्यांवर गेला. राज्ये अस्वस्थ झाली. ओक्लाहोमा, ओरेगन, नेब्रास्का, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांनी घाईघाईने सामाईक मालमत्तेचे कायदे केले. बायकांना अर्धा हक्क द्यावा असा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे, नवऱ्यांचा कर वाचावा म्हणून! पेनसिल्व्हेनियाचा कायदा तिथल्याच न्यायालयाने रद्द केला.

त्याआधी १९४१ मध्ये दुसराच उपाय पुढे आला होता: सगळ्या जोडप्यांनी सक्तीने एकच रिटर्न भरायचे. स्त्री संघटनांनी कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा होता की यात स्त्रीचे स्वतंत्र आर्थिक अस्तित्वच पुसले जाते. प्रस्ताव पडला.

शेवटी १९४८ मध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार ओलांडून, काँग्रेसने कायदा केला. जोडप्याने हवे तर संयुक्त रिटर्न भरावे. दोघांच्या उत्पन्नाची बेरीज करायची, तिचे दोन भाग करायचे, एका भागावर कर काढायचा आणि त्याची दुप्पट भरायची. कमावणारा एकच असला तरी हिशेबात अर्धे उत्पन्न दुसऱ्याचे.

इथे जरा थांबू या. वरवर पाहता हा घरकामाचा केवढा मोठा सन्मान! स्वयंपाक, मुले, म्हातारी माणसे सांभाळणारी बाई अर्ध्या कमाईची धनीण ठरली. पण नीट बघितले तर काय दिसते? पूर्वेकडच्या राज्यांत तिला प्रत्यक्ष मालमत्तेत एक पैसाही नवा हक्क मिळाला नाही. अर्धा वाटा कागदावर, सवलतीपुरता. ज्या राज्यांनी घाईने सामाईक मालमत्ता आणली होती त्यांनी सवलत सगळ्यांना मिळताच ते कायदे गुंडाळून ठेवले. बायकोचा अर्धा वाटा आता लागत नव्हता ना!

तीन इच्छा, एक पेच

यापुढचा भाग आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या आवडीचा. आपल्या तीन इच्छा असतात. एक, जास्त उत्पन्नाला चढा दर असावा. दोन, सारखे उत्पन्न असलेल्या दोन जोडप्यांना सारखा कर असावा, मग कमावणारा एक असो की दोन. तीन, लग्न केल्याने कोणाचा कर वाढू नये आणि कमीही होऊ नये. प्रत्येक इच्छा योग्य वाटते. पण तिन्ही एकत्र पुऱ्या होऊच शकत नाहीत.

ताडून पाहा. एका घरात दोघे पन्नास-पन्नास मिळवतात, दुसऱ्या घरात एकटाच शंभर. दर चढता असेल आणि कर व्यक्तीवर असेल, तर दुसरे घर जास्त भरणार. दुसरी इच्छा गेली. दोन्ही घरांना सारखे करायचे, तर शंभरवाल्या माणसाचा कर लग्नाच्या दिवशी बदलणार, तिसरी गेली. हे आकडेमोडीचे कौशल्य नाही, तर्काची भिंत आहे.

अमेरिका या भिंतीवर दोन्ही बाजूंनी आपटली. १९४८ नंतर अविवाहित ओरडले की एकटे असल्याचा दंड का? १९६९ च्या कायद्याने त्यांचे दर उतरवले, तर दोघेही कमावणाऱ्या जोडप्यांना लग्नाचा दंड बसू लागला. मेरीलँडमधल्या एका जोडप्याने १९७५ आणि १९७६ मध्ये वर्ष संपता संपता परदेशी जाऊन घटस्फोट घेतला आणि नव्या वर्षात पुन्हा लग्न केले, दर वर्षअखेरीस ‘अविवाहित’ दिसण्यासाठी. करखात्याने ते मान्य केले नाही.

इतर देशांनी भिंतीची वेगळी बाजू निवडली. ब्रिटनमध्ये बायकोचे उत्पन्न नवऱ्याचेच धरले जाई. स्वतंत्र आकारणी १९९० पासून आली. भारतात नवरा आणि बायको दोन वेगळे करदाते. आपल्या १९६१ च्या कायद्याच्या ६४ व्या कलमाने तर उलट संशय घेतला: नवऱ्याने बायकोच्या नावावर ठेव ठेवली तर तिचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात.

पण आपल्या शेजारी, गोव्यात, अपवाद आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे विवाहित जोडप्याची मालमत्ता सामाईक. म्हणून त्याच कायद्यात ‘५-अ’ कलम घातले गेले: तिथल्या जोडप्याचे घरभाडे, धंद्याचे उत्पन्न, व्याज दोघांत निम्मे-निम्मे वाटून दोघांवर वेगळा कर. म्हणजे सीबॉर्न खटल्याचे तत्त्व मडगाव-म्हापशात नांदते आहे! एक अट मात्र आहे. पगार वाटला जात नाही. पगार ज्याचा त्याचा. झाड आणि फळ पुन्हा आलेच. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परदेशी जोडीदाराचे दार

१९४८ च्या तोडग्यात एक कुंपण होते. वर्षात एक दिवसही जोडीदार करदृष्ट्या ‘अनिवासी परकीय’ असेल तर संयुक्त रिटर्न नाही. कारण समजण्यासारखे आहे. अमेरिका आपल्या रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. अनिवाशाच्या फक्त अमेरिकेतल्या. एकाचे जगभरचे आणि दुसऱ्याचे अर्धवट, यांची बेरीज कशी करणार?

१९७६ च्या कायद्याने या कुंपणाला दार केले. जोडप्यातला एक नागरिक किंवा रहिवासी असेल, तर दोघांनी सही करून लिहून द्यायचे की दुसऱ्यालाही आम्ही रहिवासी मानतो. मग संयुक्त रिटर्न चालते. मोबदल्यात दुसऱ्याचे जगभरचे उत्पन्न हिशेबात येते. ही निवड पुढच्या वर्षांनाही चालू राहते, आणि एकदा संपवली की त्या दोघांना पुन्हा करता येत नाही.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आले. त्याबद्दल फारसे बोलले जात नाही, पण आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. जोडप्यातले कोणी अनिवासी असेल आणि हे दार वापरले नसेल, तर सामाईक मालमत्तेच्या राज्यातसुद्धा पगार हा काम करणाऱ्याचाच धरायचा. म्हणजे कॅलिफोर्निया-टेक्ससचा जुना भागीदारीचा नियम परदेशी जोडीदारापुरता, कराच्या हिशेबात, बाजूला ठेवला. गोव्याच्या कलमासारखेच: पगार ज्याचा त्याचा. बाईला अर्धा वाटा हवा तर एकच वाट, संयुक्त रिटर्नवर सही.

व्यवहारात किती फरक पडतो? २०२४ सालचे दर घेऊ. तो वर्षाला एक लाख डॉलर पगार मिळवतो, ती काही नाही, दुसरे उत्पन्न नाही. संयुक्त रिटर्नमध्ये २९,२०० डॉलरची प्रमाणित वजावट जाऊन कर होतो ८,०३२ डॉलर. ‘विवाहित पण वेगळे’ असे रिटर्न भरले तर वजावट १४,६०० आणि कर १३,८४१. फरक ५,८०९ डॉलरचा. एक तिसरी वाटही आहे. ती अनिवासी असेल, दार वापरायचे नसेल, आणि पात्र मूल त्याच्यासोबत राहत असून घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भार तो उचलत असेल, तर तो ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ म्हणून भरू शकतो. कर १०,५४१. ही वाट मुलामुळे मिळते. अनिवासी बायकोकडे पाहून कायदा म्हणतो, तुझे लग्न झाले आहे असे आम्ही या हिशेबापुरते धरत नाही!

आणि दोघेही अनिवासी असतील, उदाहरणार्थ तो नुकताच आलेला विद्यार्थी आणि ती त्याच्यासोबत, तर संयुक्त रिटर्न नाहीच. भारत-अमेरिका कर करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मात्र मिळते. बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही.

रहिवासी कोण, हे १९८४ च्या कायद्यापासून मुख्यतः दिवस मोजून ठरते: या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश, मिळून १८३. त्यात चालू वर्षाचे निदान ३१ हवेत. म्हणून वर्षभर तिथेच असलेली एच-फोर बायको आपोआप रहिवासी होते, तिला दाराची गरज नाही. दार लागते ते ऑक्टोबरात पोहोचलेलीला, किंवा व्हिसाची वाट बघत पुण्यातच राहिलेलीला. आणि तिने सही केली तर तिचा पुण्यातला त्या वर्षीचा पगारही अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. इथे भरलेल्या कराचे श्रेय मागता येते, पण दाखवावे लागतेच.

नंबर नसलेली बायको

रिटर्नवर नाव घालायचे तर नंबर हवा. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. त्यासाठी १९९६ पासून करखाते आयटीआयएन नावाचा वेगळा नंबर देते. तो फक्त कर भरण्यासाठी. त्याने काम करता येत नाही, राहण्याचा हक्क मिळत नाही. त्यासाठीचा अर्ज रिटर्नसोबत जातो, आणि मूळ पासपोर्ट पाठवायचा की प्रमाणित प्रत द्यायची, या काळजीत कितीतरी घरांनी रात्री काढल्या आहेत. सलग तीन वर्षे रिटर्नवर वापरला नाही तर नंबर बाद होतो.

या नंबरची खरी किंमत २०२० मध्ये कळली. करोनाच्या मदतीत प्रत्येक प्रौढाला १,२०० डॉलर मिळणार होते. पण संयुक्त रिटर्न भरलेल्या जोडप्यात दोघांकडेही सोशल सिक्युरिटी नंबर हवा, सैन्यातले जोडपे सोडून. परिणाम काय झाला? बायकोकडे फक्त आयटीआयएन, म्हणून नवऱ्याचेही पैसे गेले. त्यात कर भरणारे अमेरिकन नागरिकही होते. वेगळे रिटर्न भरले असते तर त्यांना आपला वाटा मिळाला असता. २००८ च्या मदतीतही हीच अट होती. २०२० च्या डिसेंबरात काँग्रेसने चूक दुरुस्त केली, ज्याच्याकडे नंबर त्याला वाटा, आधीच्या रकमेसकट. पण नऊ महिने लोकांना जे दिसायचे ते दिसले: कर घेताना दोघे एक, आणि देताना एकामुळे दोघेही वजा.

२०१५ पासून काही एच-फोर जोडीदारांना, मुख्यतः ज्यांच्या साथीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज पुढच्या टप्प्यावर गेला आहे त्यांना, कामाची परवानगी मिळू लागली. त्यात भारतीय स्त्रियांची संख्या फार मोठी. पण तोवरची वर्षे रिटर्नवरच्या त्या एका सहीतच जमा असतात.

सहीचा अर्थ

म्हणून शेवटी सहीकडे येऊ. संयुक्त रिटर्नवर सही केली की संपूर्ण कराची जबाबदारी दोघांची, आणि प्रत्येकाची पूर्ण. अर्धी-अर्धी नव्हे. त्याने एखादे उत्पन्न लपवले, शेअर विकून दाखवले नाहीत, तर करखाते सगळी रक्कम तिच्याकडेही मागू शकते, घटस्फोटानंतरसुद्धा. १९७१ मध्ये ‘निर्दोष जोडीदारा’साठी सवलत आली, १९९८ मध्ये ती बरीच रुंदावली. पण ती मागावी लागते, ठराविक फॉर्म भरून, आणि बऱ्याचदा सिद्ध करावे लागते की मला माहीत नव्हते आणि माहीत असण्याचे कारणही नव्हते. ज्या घरात ‘तू फक्त इथे सही कर’ एवढाच संवाद होतो, तिथे हे सिद्ध करायला पुढे किती त्रास होईल, विचार करा.

इथे वर्तुळ नीट दिसते. १९४८ च्या कायद्याने बाईला अर्धा वाटा दिला तो हिशेबापुरता. १९७६ च्या कायद्याने परदेशी जोडीदाराला त्या हिशेबात घेतले ते सहीच्या अटीवर. वाटा कागदावरचा आणि जबाबदारी प्रत्यक्षातली, हा व्यवहार आहे. तो वाईटच आहे असे नाही. पाच-सहा हजार डॉलर वाचतात, ते घराचेच असतात, आणि बहुतेक जोडप्यांसाठी संयुक्त रिटर्नच योग्य ठरते. पण वाचलेले पैसे जर तिच्या सहीमुळे वाचले, तर त्या कागदात काय लिहिले आहे हे जाणून घ्यायचा तिला हक्क आहे. तो उपकार नाही.

तेव्हा सहीआधी चार गोष्टी विचारायच्या. या वर्षी मी दिवसांच्या हिशेबाने रहिवासी ठरते का? ठरत नसेन, तर आपण ते १९७६ चे दार वापरतो आहोत का, आणि त्याचे पत्र मी वाचले आहे का? माझ्या भारतातल्या ठेवींचे व्याज, ठाण्याच्या फ्लॅटचे भाडे, एनआरई खात्याचे व्याज दाखवले आहे का? (एनआरईचे व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत नाही. आणि रहिवाशाच्या परदेशातल्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरहून जास्त असतील तर त्याचा अहवाल वेगळा द्यावा लागतो.) आणि चौथी गोष्ट: भरलेल्या रिटर्नची प्रत माझ्याजवळ आहे का?

आपल्याकडे लग्नात ‘नातिचरामि’ म्हणतात. धर्म, अर्थ आणि काम यांत तुला ओलांडून जाणार नाही, असे वचन. त्यातला ‘अर्थ’ आपण विधीत म्हणतो आणि व्यवहारात विसरतो. कायद्याने बाईला एक म्हटले की अर्धे म्हटले, हे काँग्रेस ठरवेल. रिटर्न टेबलावर ठेवून दोघांनी एकत्र वाचायचे की नाही, हे मात्र घरातच ठरते.

 आता प्रश्न घेऊ.